वायर कुठपर्यंत हवी?

२०२२च्या उन्हाळ्यात कंपनीनं लोकांच्या घरी दिलेले कॉम्प्युटर परत मागवायला सुरुवात केली आणि हिंजवडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिथं एरवी कॅबचे ड्रायव्हर बसायचे, तिथं सीपीयूंची रास लागली. मी डेस्कटॉप सपोर्टला. एकेक कॅबिनेट उघडायचं, ब्लोअर मारायचा, रॅम आणि हार्डडिस्क तपासायची, असेट टॅग जुळवायचा, हे माझं काम. ऑफिसच्या मशीनमधून निघणारी धूळ सगळीकडे सारखीच असते, करडी, कार्पेटची. घरून आलेल्या मशीनचं तसं नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर पिवळट, तेलकट थर दिसला की समजायचं, हे स्वयंपाकघरात नाहीतर त्याच्या दाराशी होतं. दोन वर्षांच्या फोडण्यांचा धूर त्यानं आत ओढलाय. उदबत्तीची राख म्हणजे देव्हाऱ्याखाली. एका कॅबिनेटमधून झुरळांचं अख्खं खानदान निघालं, एकातून मोहरीचे दाणे, एकातून कुणा पोरानं फटीतून सारलेली रुपयाची नाणी आणि सापशिडीची एक सोंगटी. बऱ्याच मॉनिटरच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती, दोन खंडेनवम्यांची. धूळ ब्लोअरनं उडाली. कुंकू ओल्या फडक्यानं पुसावं लागलं.

बेडरूममध्ये राहिलेली मशीनं तेवढी स्वच्छ निघाली. आत थोडा गादीचा कापूस, बाकी काही नाही. रजिस्टरला नावं बघितली की त्यातली बहुतेक पुरुषांची असायची. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण त्या वायरी मीच टाकल्या होत्या.

आमच्याकडं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचं काम चालतं. महामारीच्या आधी त्या मजल्यावर जायचं तर मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, पेन नाही, कागद नाही. टेबलावर साधी चिठ्ठी सापडली तरी लेखी खुलासा. परक्या माणसाचा आजार, पत्ता, खातेनंबर सगळं स्क्रीनवर असतं म्हणून हा बंदोबस्त. शिवाय कॉल सेंटरचं काम घरून करू द्यायचं तर दूरसंचार विभागाचे नियम होते, अनामत होती, ठराविक पद्धतीच्या व्हीपीएनची अट होती. त्यामुळे त्या वाटेला कुणी जात नसे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ला दुरुस्ती झाली, तीत बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम देता येईल असं म्हटलं होतं. ते वाचून आमच्याकडच्या एक-दोघींनी विचारून बघितलं होतं. 'आपल्या कामाचं स्वरूप तसं नाही,' असं उत्तर आलं. मग ९ मार्च २०२०ला पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले, त्यांना ठेवलेल्या नायडू हॉस्पिटलचं नाव घरोघरी झालं, १३ मार्चला दूरसंचार विभागानं नियम सैल केले, आणि महिना संपायच्या आत आमच्या कामाचं स्वरूप बदललं.

लॅपटॉप होते ते मॅनेजर मंडळींकडं. बाकी सगळा मजला डेस्कटॉपवर. ते घरी पोचवायचे म्हणून छोटा हत्ती टेम्पो ठरवले. बबल रॅप बघता बघता संपलं, मग हाऊसकीपिंगच्या मावशींनी कपाटातले जुने पडदे काढून दिले, त्यात मॉनिटर गुंडाळले. आमची बिल्डिंग सेझमध्ये. तिथं माल शुल्कमुक्त येतो, म्हणून बाहेर काढताना प्रत्येक माऊसचासुद्धा गेट पास. २४ तारखेला रात्री आठ वाजता देश बंद होणार असल्याचं सांगितलं गेलं तेव्हा आम्ही गेटवर सह्या करत होतो. दुसऱ्या दिवशी पाडवा. रस्त्यावर पोलीस होते आणि आम्ही होतो. खिशातल्या पासवर 'अत्यावश्यक सेवा' लिहिलेलं. अमेरिकेतल्या माणसाचा विम्याचा क्लेम वाकडच्या चौकात अत्यावश्यक कसा काय, असं एका हवालदारांनी विचारलं. मला काही उत्तर सुचेना. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं. मास्क नाकावर घ्यायला सांगून त्यांनी सोडलं.

दारात गेलं की माझा प्रश्न ठरलेला: राऊटर कुठंय, आणि वायर कुठपर्यंत हवी? ऑफिसच्या डेस्कटॉपला वायफाय कार्ड नसतं. ब्रॉडबँडवाला भोक पाडतो ते हॉलमध्ये, टीव्हीच्या मागं, म्हणजे वायर तिथून निघणार. टेम्पोत कॅट सिक्सचा ३०५ मीटरचा खोका, खिशात क्रिम्पिंग टूल. एका घराला किती मीटर लागते ते सांगण्यावरून त्या घराचा कारभार कळतो, हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं. पुरुष सांगायचे, 'आतल्या खोलीपर्यंत टाका, दार लागलं पाहिजे.' वायर दाराखालून न्यायची की चौकटीवरून, क्लिपा मारायच्या की नुसतं टेप, यावर ते माझ्याशी चर्चा करायचे. बायका हॉलमध्येच उभ्या राहून इकडंतिकडं बघायच्या. मग सासूबाईंकडं एक नजर टाकून म्हणायच्या, 'इथंच कोपऱ्यात बसते मी.' किंवा, 'दादा, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचेल का? कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या पाहिजेत.'

दिघीला एका घरी नवरा-बायको दोघंही आमच्याच कंपनीत, एकाच हुद्द्यावर. त्याचं मशीन बेडरूममध्ये लागलं. तिचं शिलाई मशीनच्या टेबलावर, ओट्यापासून हातभर अंतरावर. तिथं त्यांच्यात वाद झाला नाही, विचारविनिमय झाला नाही, कुणी काही मागितलं नाही. मी दोन तुकडे कापले, एक लांब आणि एक आखूड, आणि कोणता कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा वेळेच्या वापराचा अहवाल आला. पाहणी २०१९ची, म्हणजे सगळं सुरळीत असतानाची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांत बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. आणि अशा कामाला हात लावणारे पुरुषच मुळात शंभरात २६. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. त्यावर आता नऊ तासांची शिफ्ट बसली. धुण्याभांड्याच्या मावशींना सोसायटीनं गेटवरच अडवलं. पोरांची शाळा हॉलमध्ये आली. आणि घरातली सगळी माणसं दिवसातून चारदा जेवणाखाणाची वाट बघत घरात. बातम्यांत तेव्हा 'घरून काम' हा शब्द नवलाचा म्हणून यायचा. आमच्या मजल्यावरच्या बायकांना त्यातलं घरून नवं होतं की काम, हा प्रश्नच होता.

धनकवडीला एक आजी मी प्लग लावेपर्यंत शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, 'हे मशीन लाईट किती खातं?' मी हिशेब सांगितला: मॉनिटर धरून दीडशे वॅट पकडा, दहा तास चाललं तर दीड युनिट. 'म्हणजे महिन्याला?' पंचवीस दिवस धरले तर सदतीस-अडतीस. आजींनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि सुनेला म्हणाल्या, 'कंपनी देणार का, विचार यांना.' सून माझ्याकडं बघायला लागली. मी माऊसच्या वायरीची गाठ सोडवत बसलो.

कंपनीनं डोंगलचे पैसे दिले, लाईटचे नाहीत. त्या दिवसांत महावितरणचं मीटर रीडिंग बंद होतं, बिलं सरासरीनं जात होती. जूनमध्ये मागचं सगळं एकदम धरून बिलं आली तेव्हा राज्यभर बोंबाबोंब झाली. लोक बिलं घेऊन महावितरणच्या दारात गेले. त्या युनिटांत आपल्या कंपनीची किती, हे कुणी वेगळं काढलं नाही. मजल्याचा एसी, जनरेटरचं डिझेल, रात्रीच्या कॅब, कँटीनचा चहा, हा सगळा खर्च त्या महिन्यांत कंपनीच्या वहीतून उतरला. उतरून तो कुठं चढला ते धनकवडीच्या आजींना मशीन सुरू व्हायच्या आधीच कळलं होतं.

सगळी घरं सारखी नव्हती, हेही सांगायला हवं. भोसरीला एका घरी बायको आमच्याकडं कामाला आणि नवरा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर, कंत्राटावर. वर्कशॉपला कुलूप, पगार बंद. सीएनसी काही घरी आणता येत नाही. दोन खोल्यांचं घर, चार वर्षांची मुलगी. त्यानं माझ्या हातातून वायर घेतली, स्वतःच्या ड्रिलनं चौकटीत भोक पाडलं आणि म्हणाला, 'आतली खोली तिला. मी आणि पोरगी बाहेर बघतो.' भोक इतकं नेमकं होतं की वायरीचं डोकं घासूनच आत गेलं. तिची शिफ्ट संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायची ती पहाटे साडेतीनपर्यंत. तोवर हा टीव्ही मुका ठेवून बसायचा, नाहीतर मुलीला घेऊन जिन्याच्या पायरीवर. पुढं एकदा तिचा हेडसेट बदलायला गेलो तर गॅसवर तो पोळ्या लाटत होता. मला बघून जरा ओशाळला. 'हात बसायला वेळ लागला,' म्हणाला, 'पण मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस आहे, गोल तर येणारच.' दोन वर्षांनी तिचं मशीन परत आलं ते मी रजिस्टर न बघता ओळखलं असतं. बायकांच्या नावावरची जी थोडी स्वच्छ मशीनं आली त्यातलं ते एक. घरून काम ही सोय देशातल्या किती थोड्या लोकांना मिळाली, हे त्या एका घरात दोन्ही बाजूंनी दिसत होतं. एकाच छपराखाली एकाची नोकरी वायरीतून आत आलेली आणि दुसऱ्याची कुलपात अडकलेली.

माझं स्वतःचं काम घरून होण्यातलं नव्हतंच. पिंपळे गुरवच्या आमच्या घरी मात्र बायकोची शाळा आली. ती महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. सरकारी अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर यायची ती ती पुढं पाठवायची. पण वर्गातल्या पोरांच्या घरी फोन एकच, आणि तो बापाबरोबर कामावर जाणार. कुणी भाजीची गाडी लावायला लागलेला, कुणी सोसायटीत वॉचमन. म्हणून तिचा वर्ग रात्री साडेआठला भरायचा, बाप घरी आल्यावर. पोरं पेंगत असायची. कुणाच्या मागं वरण उकळत असायचं. ती 'हातचा घ्या, हातचा घ्या' ओरडायची आणि आमचा सातवीतला चिरंजीव आतून ओरडायचा की माझा व्हिडिओ अडकतोय. नेट माझ्या फोनचं, माझा फोन हेल्पडेस्कचा, आणि हेल्पडेस्क वाजला की दोघांचाही वर्ग तुटायचा. घरात सगळ्यांत जास्त भांडणं त्या हॉटस्पॉटवरून झाली. आजाराची भीती होतीच, पण तिच्यावरून कुणी भांडलं नाही. मी बाहेरून आलो की आई बादली दारातच ठेवायची आणि मी अंघोळ होईपर्यंत कशालाही हात लावू नये म्हणून पहारा द्यायची.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. बायकोच्या हातात तापमानाची गन आणि ऑक्सिमीटर आला. दिवसा ती लोकांच्या उंबऱ्यावर उभी राहून बोटं मोजायची, रात्री वर्ग घ्यायची. मी लोकांच्या हॉलमध्ये, ती लोकांच्या दारात. कुणाच्या घरात काय चाललंय याची जेवताना आम्ही जी देवाणघेवाण करायचो, तिच्यात पिंपरी-चिंचवडची बरीचशी खबरबात येऊन जायची.

एकदा मशीनं घरोघरी बसली की पुढचं काम फोनवर. जूनच्या मध्याला हेल्पडेस्कवर एकाच तक्रारीचा पूर आला. पासवर्ड ९० दिवसांनी संपतो. ऑफिसात तो संपला की मशीन नवा मागतं, झालं. घरी गोम अशी की मशीनला नवा पासवर्ड कळायला ऑफिसच्या नेटवर्कला जोडावं लागतं, नेटवर्कला जोडायला व्हीपीएन लागतं, आणि व्हीपीएन आधी नवा पासवर्ड मागतं. उपाय साधाच, पण फोनवर समजावताना घाम फुटायचा: जुन्या पासवर्डनं मशीनमध्ये शिरा, नव्यानं व्हीपीएन लावा, मग स्क्रीन लॉक करा, आणि आता नव्यानं उघडा. हे सांगताना पलीकडून घर ऐकू यायचं. मिक्सर, पंचपाळ्याचं झाकण, सासऱ्यांचा खोकला, बातम्यांतला आकडा. 'सर, एक मिनिट हं,' म्हणून फोन खाली ठेवला जायचा आणि मग लांबून, 'अरे तिथं चढू नकोस, पडशील!' आवाजाच्या कॉलला नेट फारसं लागत नाही, शंभर केबीपीएसमध्ये भागतं, पण ते सलग लागतं. घरात दोन पोरांचे व्हिडिओचे वर्ग चालू झाले की बायकांचे कॉल तुटायचे. पलीकडच्या गोऱ्या माणसाला वाटायचं फोन आपटला. ताशेरा हिच्या नावावर.

मग कॅमेरे आले. काही क्लायंटनी अट घातली की काम करताना कॅमेरा चालू हवा आणि स्क्रीनसमोर दुसरं माणूस आलं तर मशीननं कळवावं. गोपनीयता म्हणून हे समजण्यासारखं होतं. ज्या मजल्यावर पेन्सिल चालत नव्हती तिथलं काम आता आजीच्या खाटेशेजारी चाललेलं. पण त्या सॉफ्टवेअरला दुसरा चेहरा तेवढा कळतो, त्याचं वय कळत नाही. आमच्याकडं 'दुसरा चेहरा आढळला' म्हणून जी तिकिटं यायची, त्यांत पाच-सहा वर्षांखालचे चेहरे सगळ्यांत जास्त. आईला खेटणार नाही तर कुणाला खेटणार? एकीनं खुर्चीमागं साडीचा पडदा बांधला. पोरगं पडद्याखालून यायचं. शेवटी तिनं टेबलच इतकं उंच केलं की पोराचं डोकं कॅमेऱ्यात येईना, आणि स्वतः उभ्यानं शिफ्ट करायला लागली. तिकीट बंद झालं. आमच्या यादीत ते 'सोडवले' या रकान्यात गेलं.

माऊस थोडा वेळ हलला नाही तर ती व्यक्ती जागेवर नाही अशी नोंद होत असे. त्यावर लोकांनी तोड काढली. काट्याचं मनगटी घड्याळ घ्यायचं, काचेवर माऊस ठेवायचा. सेकंदकाटा फिरेल तसा पॉइंटर जरासा सरकतो. तेवढ्यात भात लावून होतो. ही युक्ती मी कुणाला शिकवली नाही. ज्यांना येत होती त्यांची तक्रारही केली नाही.

कामाची वेळ संपायची कशी, हा मोठाच घोळ होऊन बसला. ऑफिसात रात्रपाळीला हे पहाटे साडेतीनची कॅब ठरवायची. कॅब कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मॅनेजरलासुद्धा सव्वातीनला आवरतं घ्यावं लागे. घरी कॅब नाही. 'दोनच मिनिटं' म्हणून सुरू झालेला कॉल चारपर्यंत जायचा. घरीच तर आहेस, जायचंय कुठं? सुप्रिया सुळेंनी २०१८मध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. तेव्हा आम्ही कँटीनमध्ये त्यावर हसलो होतो. विधेयकाचा कायदा झाला नाही. आमचं कॅबचं वेळापत्रकच त्यातल्या त्यात कायद्यासारखं होतं, आणि तेही गेलं.

गावाला निघून गेलेल्यांची वेगळीच तऱ्हा. श्रीवर्धनजवळच्या आपल्या गावी एकजण मशीन घेऊन गेला होता. मे महिनाभर खूश. आंबे, विहीर, आईच्या हातचं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ तिथंच किनाऱ्याला लागलं. पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांना पुढं बरेच आठवडे लाईट नव्हती. ऑफिसच्या नोंदीत तो 'विनापरवानगी गैरहजर'. त्याचा फोन लागला तो चौथ्या-पाचव्या दिवशी. घाटात रेंजमध्ये येऊन बोलत होता. घराचे पत्रे गेलेत हे त्यानं नंतर सांगितलं. आधी मशीन कोरडं आहे हे सांगितलं.

आणि २०२१चा एप्रिल. त्या महिन्यात तिकिटं कमी झाली, कारण माणसंच कमी लॉगिन होत होती. व्हॉट्सॲपवर ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रेमडेसिव्हिरचे नंबर फिरत होते. मजल्यावरचा एक तिशीतला मुलगा गेला. त्याच्या बायकोचा फोन हेल्पडेस्कला आला, कारण घरात कंपनीचा दुसरा नंबरच कुणाकडं नव्हता. तिला त्याच्या मशीनमधल्या पगाराच्या पावत्या हव्या होत्या, विम्याच्या कागदांना. पासवर्ड तिला माहीत नव्हता. माहीत असता तरी पेनड्राइव्हला त्या मशीनचं पोर्ट बंद. रोज विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीतल्या माणसाच्या घरच्यांना विम्याचे कागद मिळायला दोन महिने गेले. मी मेल पुढं पाठवत राहिलो, त्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं. मशीन आणायला मात्र मला लगेच जायला सांगितलं होतं. मी गेलो नाही; टेम्पो मिळत नाही असं कळवून टाकलं, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

परत बोलावणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, सगळे, त्यातही बायका, आनंदानं येतील. काही आल्याच. एक म्हणाली, 'सर, आठ तास कुणी पाणीसुद्धा मागत नाही हो इथं.' पण कितीतरी जणींचा पाय निघेना, आणि त्यालाही कारण होतं. भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमधले रोजचे जायचे-यायचे दोन-अडीच तास वाचले होते. सासऱ्यांची औषधं वेळेवर जायला लागली होती. पोराला शाळेच्या रिक्षात बसवायला कुणीतरी दारात असायला लागलं होतं. घरानं स्वतःला तिच्याभोवती असं बसवून घेतलं होतं की तिनं उठायचं म्हटलं तर चारजणांचं गणित बिघडणार. कोपऱ्यात का होईना, तिचं टेबल घरात होतं. आता ते उचललं की तिथं काय ठेवायचं यावर घरात मतं तयार होती. आमच्याकडं पोलिओनं पाय अधू असलेला एक सहकारी आहे, बसनं यायचा, दोन बस बदलून. घरून काम केल्याच्या दोन वर्षांत त्याचे आकडे अख्ख्या टीममध्ये वरचे. त्यालाही आठवड्यातून तीन दिवस या म्हणून मेल गेला. तो येतो. त्याची टीम हैदराबादेत आहे, त्यामुळे इथं येऊन तो व्हिडिओवर त्यांच्याशी बोलतो, जसा घरून बोलायचा तसाच.

पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय द्यायची, हेही २०१७च्या त्याच दुरुस्तीत होतं. आमचं पाळणाघर शेजारच्या बिल्डिंगमध्ये होतं, कंत्राटावर. मार्च २०२०ला बंद झालं, आणि ते चालवणाऱ्या ताई गावी गेल्या त्या परत आल्या नाहीत. खोलीत जादाच्या खुर्च्या रचल्या होत्या. उभ्यानं शिफ्ट करणाऱ्या त्या आईनं परतीच्या मेलला उत्तर देताना एवढंच विचारलं: पाळणाघर कधी सुरू होणार? 'प्रक्रिया सुरू आहे,' असं कळवलं गेलं. मला खुर्च्या हलवायला सांगितलं, मी हलवल्या. खोली झाडून घेतली, भिंतीवरचा हत्ती अजून शाबूत आहे. नवीन कंत्राट काही अजून झालेलं नाही. तोवर ऑफिसला यायचं असलं की ती आदल्या रात्री पोराला चाकणला आईकडं सोडून येते, आणि सकाळी लॉगिन झालं नाही तर पहिला फोन मला करते.